फसफसेल ते खरं

सरांच्या एकाही शर्टाचा डावा खिसा शाबूत नव्हता. खिशाच्या तळाला वाटाण्याएवढं भोक, भोकाच्या कडेला तपकिरी वर्तुळ, आणि खाली बनियनवर त्याच मापाचं दुसरं भोक. त्या खिशात होमिओपॅथीच्या औषधाची ड्रॉपरवाली बाटली असे आणि बाटलीत पाणी घालून पातळ केलेलं हायड्रोक्लोरिक ॲसिड. दगडावर त्याचा थेंब टाकला आणि फसफसून फेस आला की समजायचं, दगडात कॅल्साईट आहे, म्हणजे चुन्याचा अंश आहे. भूगर्भशास्त्र शिकवणारी माणसं ही बाटली सहलीला नेतात आणि परत आली की कपाटात ठेवून देतात. सर निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली होती, तरी ते ती खिशात घालून दूध आणायला जात.

मी त्यांची भाडेकरू. त्रिमूर्तीनगरात त्यांच्या घराच्या वरच्या मजल्यावर काही वर्षं राहिले. माझी नोकरी हिंगण्याच्या एमआयडीसीत, रंगाच्या कारखान्यात, आणि कंपनीची बस सकाळी चौकातून निघायची. एकट्या बाईला घर द्यायचं म्हटलं की लोक दहा प्रश्न विचारतात. सरांनी एकच विचारला.

"तुमच्या रंगात भर म्हणून काय घालतात?"

"कॅल्साईटची पूड," मी म्हटलं.

"या राहायला."

दारात उभ्या असलेल्या काकू, म्हणजे सरांच्या पत्नी, हसल्या. मला वाटलं, माणूस तऱ्हेवाईक आहे, पण बरा आहे. माणसांबद्दलचे माझे पहिले अंदाज नेहमी चुकतात. लग्नाच्या बाबतीतही चुकला होता, पण तो विषय वेगळा.

"फसफसेल ते खरं," असं सर म्हणायचे. बाकी सगळ्याला ते 'वर्तमानपत्र' म्हणत. कोणी सांगितलं की अमक्याच्या मुलाला मोठी नोकरी लागली, तर सर म्हणणार, "वर्तमानपत्र." मंगल कार्यालयाची पायरी, बँकेची फरशी, अंड्याचं टरफल, देवघरातला शंख, पित्तावरची गोळी, कशावरही त्यांचा थेंब पडायचा. आणि खोटं कशाला बोलू, बोलायचे सुरेख. शंख, शिंपला, पोवळं, गोगलगाय, अंड्यातलं पिल्लू, ही सगळी एकाच चुन्यातून आपापली घरं बांधतात, आणि समुद्राच्या तळाशी त्यांच्याच घरांचा खच पडून त्याचे पुढे डोंगर होतात, हे त्यांच्या तोंडून ऐकताना माझी बस चुकली आहे. माणूस नुसता मूर्ख असता तर मी त्याच्यावर एवढं लिहिलंही नसतं.

एका संक्रांतीच्या हळदीकुंकवाला समोरच्या घरातल्या बाई नवी मोत्याची अंगठी घालून आल्या. काकूंनी कौतुक केलं. बाई लाडात येऊन सरांना म्हणाल्या, "सर, मोती खरा आहे की नाही, ते कसं हो ओळखायचं?" सरांनी अंगठी मागितली. बाईंनी काढून दिली. सरांनी खिशातून बाटली काढली आणि कोणी काही बोलायच्या आत थेंब टाकला. मोती छान फसफसला. "अभिनंदन वहिनी," सर म्हणाले, "अस्सल आहे," आणि वर खळगा पडलेला, झळाळी गेलेला तो अस्सल मोती त्यांच्या तळहातावर ठेवला.

पुढच्या वर्षी समोरच्या बाई आल्या नाहीत. त्यांच्या ओळखीच्या चारजणी आल्या नाहीत. त्याच्या पुढच्या वर्षी काकूंनी हळदीकुंकू केलंच नाही. सरांना त्याची दादही नव्हती. हळदीकुंकू त्यांचं थोडंच होतं?

काकू पारशिवनीच्या. घरचा किराण्याचा धंदा, बारा माणसांचं घर, बोलणं खळखळून. सरांच्या घरी पिढ्यान्‌पिढ्या शिकलेली माणसं, भोसल्यांच्या राजवटीत इकडे येऊन स्थायिक झालेली, आणि त्याचा मान मिरवणारी. काकूंच्या बोलण्यातलं 'मले' आणि 'तुले' सरांनी कधी दुरुस्त केलं नाही. त्यासाठी आधी ऐकावं लागतं. त्यांची एकुलती एक मुलगी रायपूरला दिलेली होती. ती रविवारी फोन करायची, आणि रविवारीच करायची, कारण रविवारी बाप घरी नसायचा.

रविवारी सर स्कूटर काढून खाप्याला जात. कन्हान नदीच्या काठाने पांढरा खडक उघडा पडलेला आहे, मूळचा चुनखडीच, पण जमिनीच्या पोटात भाजून आणि दाबून त्याचा संगमरवर झालेला. तो पाहायला. वर्षानुवर्षं तोच खडक. येताना स्कूटरच्या पायाशी दोन-चार दगड. अंगणात काकूंच्या कुंड्या होत्या, त्या दगडांनी रेटत रेटत मोरीपाशी नेल्या आणि मग एक-एक करून वाळवल्या. मोगरा शेवटपर्यंत तग धरून होता.

अंगणात काकूंचा म्हणून उरला होता तो पायरीपुढचा हातभर चौकोन. तिथे त्या रोज पहाटे सडा टाकून रांगोळी काढत. साधीच, ठिपक्यांची, पण हात असा की रेघ कुठे जाड नाही, कुठे बारीक नाही. सर दूध घेऊन येत, रांगोळीपाशी थांबत, वाकत, आणि मधोमध एक थेंब टाकत.

"डोलोमाईट," ते म्हणत. "कॅल्साईट नव्हे. आळशी फेस आहे. त्यातही अर्धी वाळू. तुला फसवून राहिला तो दुकानदार."

मग आत जात. रांगोळीच्या मधोमध एक ओला खड्डा पडलेला असे. काकू चिमूटभर रांगोळी घेऊन तो बुजवत. मी बससाठी खाली उतरताना हे रोज पाहिलं आहे. एकदा न राहवून म्हटलं, "काकू, तुम्ही काहीच कसं म्हणत नाही?"

"काय म्हणू वं? हात लावत नाहीत, पाय देत नाहीत. थेंबच तर टाकतात."

सरांच्या घरातला खरा देव देवघरात नव्हता, लोखंडी कपाटात होता. पिवळ्या मलमलीच्या फडक्यात गुंडाळलेला कॅल्साईटचा एक स्फटिक. तळहात भरेल एवढा, तिरक्या विटेसारखा, आणि आरपार काचेसारखा स्वच्छ. तरुणपणी कुठल्याशा विहिरीच्या खोदकामात काळ्या खडकाच्या पोकळीत तो त्यांना सापडला होता. "ही वस्तू माझ्याकडे हिच्या आधीपासून आहे," असं ते काकूंकडे बोट करून पाहुण्यांना सांगत. पाहुणे हसत. काकूही हसत.

मलाही त्यांनी तो पहिल्याच आठवड्यात दाखवला. माझ्या कंपनीच्या ओळखपत्रावर ठेवला. माझं नाव दोनदा दिसायला लागलं, एकावर एक सरकवल्यासारखं. मग सरांनी स्फटिक जागच्या जागी फिरवला. एक नाव होतं तिथे राहिलं आणि दुसरं त्याच्याभोवती गोल फिरायला लागलं.

"उजेडाचे दोन किरण होतात आत," सर म्हणाले. "एक नियमाने चालतो. दुसरा नाही. म्हणून तो फिरतो."

स्फटिकाला हात लावायची परवानगी कोणालाच नव्हती. कपाटाला कुलूप मात्र नव्हतं. त्या घरात कोणी आपल्या वस्तूला हात लावील, असं सरांच्या मनातही आलं नसेल.

मग काकूंना चक्कर यायला लागली. अंथरुणावर कूस बदलली की घर फिरायचं. वरच्या फळीवरचा डबा काढायला मान वर केली की हात भिंतीकडे जायचा.

"कसं सांगू तुले," त्या मला म्हणाल्या, "त्या दगडाखाली एक अक्षर बसून राहते अन् एक त्याच्या भवताल फिरते नं, तसं होते. मी खाटेवर पडून असतो अन् पूर्ण खोली माह्या भवताल फिरून राहते."

सरांना सांगितलं तेव्हा मी तिथेच होते. सरांनी कपाळाला हात लावला नाही, पाणी दिलं नाही. आत गेले आणि खडकाचा उतार मोजायची त्यांची पितळी डबी घेऊन आले. तिच्यात पाणसळीचा बुडबुडा असतो. त्यांनी ती खाटेच्या काठावर ठेवली, मग जमिनीवर ठेवली, मग भिंतीला लावून पाहिली. काकू डोळे मिटून खाटेची कड घट्ट धरून बसल्या होत्या.

"बुडबुडा मध्ये आहे," सर म्हणाले. "घर हललेलं नाही."

ते चेष्टा करत नव्हते, हे मला आजही पटत नाही, पण तसंच होतं. त्यांनी तपासलं होतं. तपासात काही निघालं नव्हतं. मग उरतं ते वर्तमानपत्र. उपास कमी कर म्हणाले आणि पडवीत जाऊन बसले. पुढच्या पंधरवड्यात काकू मोरीत पडल्या आणि कोपर सोलून निघालं, तेव्हाही त्यांनी मोरीची फरशी कोणत्या दगडाची आहे, ते मला समजावून सांगितलं.

शेवटी कंपनीतून अर्ध्या दिवसाची सुटी काढून मीच त्यांना रामदासपेठेत कानाच्या डॉक्टरांकडे नेलं. तरुण मुलगी होती. तिने काकूंना टेबलावर बसवलं, मान डावीकडे वळवली आणि एकदम मागे आडवं केलं. काकूंनी माझं मनगट आवळलं. त्यांची बुबुळं झटके खात तिरकी फिरायला लागली, आपली आपण. थोड्या वेळाने थांबली.

"कानाच्या आत चुन्याचे अगदी बारीक खडे असतात, आजी," डॉक्टर म्हणाली. "तोल सांभाळायला. ते जागचे सुटून भलत्या नळीत गेले की असं गरगरतं. घाबरायचं काही नाही." मग तिने मान इकडून तिकडे ठराविक पद्धतीने वळवून खडे परत जागेवर न्यायचा उपचार केला. एकदा करून भागणार नाही, पुढच्या आठवड्यात या, आणि तोवर डाव्या कुशीवर झोपू नका, असं सांगितलं.

ऑटोत बसल्यावर काकूंचा चेहरा लग्नाला निघाल्यासारखा झाला. "चुन्याचे खडे वं," त्या म्हणाल्या. "माह्या कानात. त्याइले सांगितलं तर किती आनंद होईल."

आनंद झाला. मी तो आनंद पाहिला आणि अजून विसरले नाही. सर खुर्चीतून उठलेच. "कॅल्साईट!" ते म्हणाले. "अगं, कॅल्साईटच असतं ते. काखेत कळसा आणि गावाला वळसा. मी जन्मभर खाप्याला चकरा मारून राहिलो, आणि हे घरात!" मग पहिला प्रश्न विचारला, "डावा कान की उजवा?"

त्या आठवड्यात त्यांनी मोबाइलवर जे सापडेल ते पाहिलं. या दुखण्यात मान वळवायच्या दोन रीती असतात. एकीने चक्कर येते, म्हणजे दुखणं कळतं. दुसरीने ती जाते. सरांनी पहिली शिकून घेतली.

त्यानंतर घरी येणाऱ्या प्रत्येकाला काकू दाखवल्या जाऊ लागल्या. पूर्वी स्फटिक दाखवायचे, आता काकू. जुने विद्यार्थी येत, निवृत्त सहकारी येत. काकूंनी हात पुसत बाहेर यायचं, दिवाणावर बसायचं, सर मान डावीकडे वळवत आणि मागे आडवं करत. मग स्वतः भिंग डोळ्याला लावून वाकत. "पाहा, पाहा. बुबुळ पाहा. आत खडे सरकून राहिलेत, ते आपल्याला बाहेरून दिसून राहिलं." काकूंच्या कपाळावर घाम. थांबलं की उठायचं, भिंत धरून स्वयंपाकघरात जायचं आणि चहा ठेवायचा. एकदा सरांनी मोबाइलवर चित्रण केलं आणि माजी विद्यार्थ्यांच्या ग्रुपवर टाकलं. टाळ्या वाजवणारे हात आले, अंगठे आले. 'ग्रेट सर' असं कोणीतरी लिहिलं. तो डोळा कोणाचा, हे कोणी विचारलं नाही.

मला इतका संताप आला होता की मी दोन दिवस खाली गेले नाही. तिसऱ्या दिवशी जिन्यात काकूंना गाठलं.

"डॉक्टरकडे जायचं होतं ना परत? तारीख उलटून गेली."

"जाऊ नं."

"कधी जाऊ? काकू, आणखी एका फेरीत बरं होण्यासारखं दुखणं आहे. तुम्ही ते जपून ठेवताय."

"काहून चिडून राहिली वं?" त्या पायरीवर बसल्या. पदराने गुडघ्यावरचं पीठ झटकलं. "इतक्या वर्षांत त्याइनं माह्या डोळ्यात पाह्यलं नवतं. तुले खोटं वाटीन. भाजीत मीठ कमी आहे म्हणतानाबी ताटात पाहून म्हणत. आता रोज पाहतात."

"भिंगातून पाहतात, काकू."

"हाव. पण पाहतात नं." आणि मग अगदी सरळ आवाजात म्हणाल्या, "बरी झाली तर काय पाहतील?"

मी नवऱ्याला सोडून आलेली बाई. मला उठून जाणं माहीत होतं, हे माहीत नव्हतं. मला त्यांची कीव आली आणि रागही आला. आणखी एक गोष्ट त्याच सुमारास लक्षात आली. सर रांगोळीवर थेंब टाकायचे थांबले होते. दूध घेऊन येत आणि रांगोळी ओलांडून थेट आत जात. काकूंनी ते माझ्या आधी पाहिलं असणार.

पुढे पावसाळ्यानंतर सरांचा एक जुना विद्यार्थी परदेशातून आला. तेलाच्या मोठ्या कंपनीत मोठ्या हुद्द्यावर. बायकोला घेऊन चहाला येणार होता. सर चार दिवस आधीपासून घोकत होते. काकूंनी सांबारवडीचा, म्हणजे कोथिंबीर भरलेल्या वडीचा, घाट घातला होता, म्हणून मदतीला मला बोलावलं. काकूंनी ठेवणीतली जांभळी साडी नेसली होती. केस चापूनचोपून बसवले होते.

बोलणं झालं. सरांनी हाक मारली. काकू येऊन दिवाणावर बसल्या, पदर सारखा केला. सरांनी मान वळवली, मागे आडवं केलं, भिंग लावलं.

काही झालं नाही. बुबुळं शांत. सरांनी पुन्हा बसवलं, पुन्हा आडवं केलं, जरा झटक्याने. काही नाही. खडे आपले आपण ठिकाणी गेले होते. डॉक्टर म्हणाली होती, कधीकधी असंही होतं.

तिसऱ्यांदा आडवं केलं तेव्हा काकू म्हणाल्या, "फिरून राहिलं. हो, आता फिरून राहिलं." आणि त्यांनी बुबुळं हलवली. इकडून तिकडे, इकडून तिकडे.

सर भिंग घेऊन अगदी जवळ वाकले. नाकाला नाक लागेल इतके जवळ.

"नाही," ते म्हणाले. "हे तू करून राहिली. खरी हालचाल अशी नसते." मग सरळ झाले, भिंग मिटलं आणि पाहुण्यांकडे वळले. "संपलं ते. चला, खाप्याचा एक सुंदर नमुना दाखवतो तुम्हाला."

काकू तशाच पडून होत्या, डोळे उघडे. पाहुणीने पुढे होऊन हात दिला, तेव्हा उठल्या. बाई बरी झाली होती, आणि त्या खोलीत कोणाच्या तोंडून 'बरं झालं' एवढे दोन शब्द निघाले नाहीत. मी स्वयंपाकघरात गेल्यावर म्हटलं.

"हाव," काकू तेलात वडी सोडत म्हणाल्या. "झाली बरी."

ग्रुपवर त्या दिवशी सरांनी लिहिलं, 'नमुना आता उपलब्ध नाही.' दुसऱ्या दिवशी सकाळी दूध घेऊन आले, रांगोळीपाशी थांबले, वाकले. "डोलोमाईट," म्हणाले. मधोमध ओला खड्डा.

रविवारी सर खाप्याला गेले. दुपारी खालून लोखंडी खलबत्त्याचा आवाज येत होता. काकू उन्हाळ्यात मसाला कुटत, दिवाळीत वेलची. हे दिवस दोन्हीचे नव्हते. बराच वेळ कुटणं चाललं, मग चाळणीचा आवाज आला. मला वाटलं, मुलीकडे पाठवायला काहीतरी करत असतील.

सोमवारी मी बससाठी खाली उतरले तर अंगण ओळखू येईना. नेहमीचा हातभर चौकोन सोडून रांगोळी पायरीपासून फाटकापर्यंत पसरली होती. सरांच्या दगडांना वळसा घालून, त्यांच्या मधून वाट काढत. वेली, कमळं, मोर. कोवळ्या उन्हात ती पांढरी रेघ लुकलुकत होती. काकू फाटकाशी उकिडव्या बसून शेवटची वेल पुरी करत होत्या. हाताशी वाटी. वाटीखाली अंथरलेलं पिवळं फडकं.

सर दुधाची पिशवी घेऊन फाटकात आले. थांबले. पिशवी खाली ठेवली, वाकले, बाटली काढली आणि थेंब टाकला.

रांगोळी उसळली. असा फेस त्या अंगणात कधी आला नव्हता. सरांनी चकित होऊन दुसऱ्या ठिकाणी टाकला, तिथेही. त्यांचा चेहरा उजळला.

"वा," ते म्हणाले. "हे शुद्ध कॅल्साईट आहे. जराही भेसळ नाही. अगं, इतकी वर्षं ही का नाही आणली? कुठल्या दुकानातली?"

"दुकानातली नाही," काकू मान वर न करता म्हणाल्या. "तुमच्या कपाटातली."

सर बाटली धरून उभे राहिले. त्यांची नजर वाटीवर गेली, मग फडक्यावर. बाटलीचं बूच उघडंच होतं. त्यांचा एक पाय रांगोळीच्या कडेवर पडला होता, आणि तो हलत नव्हता.

"जरा बाजूले सरका," काकू म्हणाल्या. "कोपरा राहिला."